सुरावट, साज आणि पदन्यास

गणेशोत्सवाच्या अखेरीस रायपूरच्या रस्त्यांवरून गणपतीच्या झाँक्या निघतात. छत्तीसगढच्या या शहराचा नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी मुलखाशी संबंध आहे. पुढे १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात नांदत होती. त्यामुळे येथील मिरवणुकीत मराठी आणि छत्तीसगढी माणूस खांद्याला खांदा लावून चालतो, यात नवल नाही. मिरवणुकीतील बँडवाल्याने मध्येच 'अलबेला' चित्रपटातील एखादी धून धरली, की मात्र एक मौज घडते. काल-परवापर्यंत नाचाचे नावही न काढणारा एखादा प्रौढ गृहस्थ गुडघे किंचित वाकवतो, हात कमरेपासून खांद्यापर्यंत सैलसर झुलवतो आणि पावलापुढे पाऊल टाकू लागतो. त्याला ही नृत्यकला कोणी शिकवलेली नसते. तशी शिकवण्याची गरजही पडत नाही. मुंबईपासून नागपूर-रायपूरपर्यंत लोक या नाचाला 'भगवानदादांचा नाच' या नावानेच ओळखतात.

१९५१ साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटातील ही गाणी. तीन पिढ्या उलटल्या, तरी त्यांचा ठेका अंगात भिनलेला आहे. असे का व्हावे? चाल चांगली होती, एवढे उत्तर पुरेसे नाही. कित्येक चांगल्या चाली केवळ कानात राहतात, पायांत उतरत नाहीत. चाल पायांत उतरण्यासाठी तीन कारागिरांची गाठ पडावी लागते. सुरावट बांधणारा संगीतकार, तिला वाद्यांचा साज चढवणारा रचनाकार आणि तिच्या ठेक्याला देह देणारा नर्तक हे ते तिघे होत. 'अलबेला'च्या बाबतीत ही गाठ पडली आणि ती पडण्यापूर्वी तिघांनी तीन वेगवेगळ्या वाटा चालल्या होत्या. त्यांतील दोन नावे लोकांना पाठ आहेत. तिसरे बहुतेकांनी ऐकलेलेही नाही.

पहिले नाव सी. रामचंद्र यांचे. रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्याला विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली त्यांनी गायनाचे शिक्षण घेतले. म्हणजे त्यांच्या घडणीचा पाया रागदारीचा होता. तथापि गवई होण्याऐवजी ते चित्रपटाकडे वळले. 'नागानंद' या चित्रपटात त्यांना नायकाची भूमिका मिळाली. चित्रपट चालला नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका करता करता ते तेथील संगीतकारांना हार्मोनियमची साथ करू लागले. या पेटीनेच त्यांना खरी वाट दाखविली. हार्मोनियम हे मुळात पाश्चात्त्य वाद्य, पण भारतीय गळ्याच्या सेवेत रुळलेले. पाश्चात्त्य साधनाला देशी सुरांची चाकरी करावयास लावणे, हा रामचंद्रांच्या पुढील साऱ्या कर्तृत्वाचा सारांशच या पेटीत दडलेला होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरे नाव भगवान आभाजी पालव यांचे. गिरणीकामगाराच्या घरातील हा मुलगा. तालमीचा शौक आणि मूकपटांचे वेड यांतून तो चित्रपटसृष्टीत शिरला आणि अल्प खर्चाच्या मारधाडीच्या चित्रपटांचा नट व दिग्दर्शक झाला. हे चित्रपट कामगारवस्तीतील थिएटरांत चालत. सुशिक्षितांच्या चर्चेत त्यांना स्थान नव्हते. पण याच भगवान यांनी रामचंद्रांना संगीतदिग्दर्शनाची पहिली संधी दिली, ती 'वनमोहिनी' (१९४१) आदी तमिळ चित्रपटांत. पुढे 'सुखी जीवन' (१९४२) या हिंदी चित्रपटालाही रामचंद्रांचेच संगीत होते. दोघे मित्र होते आणि दोघांच्याही मनात एक सुप्त आकांक्षा होती. आपण ज्या बाजारात उभे आहोत, त्यापेक्षा मोठे काही करून दाखवावे, ही ती आकांक्षा.

तिसऱ्या कारागिराकडे वळण्यापूर्वी थोडे गोव्याकडे वळावयास हवे. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चच्या पाठशाळांतून मुलांना संगीत शिकवण्याची प्रथा शतकानुशतके चालत आली. तेथील शिक्षक मुलांना प्रथम स्वरलेखन वाचावयास शिकवी, मग व्हायोलिन हाती देई. प्रार्थनेच्या वेळी चार निरनिराळ्या स्वरपंक्ती एकाच वेळी गाइल्या जात आणि त्यांचा मेळ कसा बसतो हे मुलांच्या कानांना लहानपणीच कळे. गावात पोटापाण्याची सोय नसल्याने ही मुले मोठी होऊन मुंबईस येत. धोबी तलावाच्या परिसरातील 'कूड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपापल्या गावच्या वसतिगृहांत पथारी टाकत आणि हॉटेलांत, बोटींवर, मूकपटांच्या थिएटरांत, पोलिसांच्या व लष्करी बँडमध्ये वाजवून पोट भरत. हळदोणे गावातील आंतोनियो शाव्हियर वाझ हा १९१६ साली जन्मलेला मुलगा त्यांच्यापैकीच एक. त्याने ट्रंपेट हाती घेतले आणि पुढे 'चिक चॉकलेट' या चमत्कारिक नावाने तो मुंबईत गाजला. अमेरिकन ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग हा त्याचा आदर्श. लोक त्याला 'हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग' म्हणत.

आर्मस्ट्राँगचे हे संगीत म्हणजे जॅझ. अमेरिकेतील निग्रो म्हणून हिणवल्या गेलेल्या समाजाने लष्करी बँडची पितळी वाद्ये, चर्चमधील प्रार्थना आणि आपल्या आफ्रिकी पूर्वजांची लय यांतून विसाव्या शतकाच्या आरंभी ते घडविले. त्याची दोन लक्षणे येथे ध्यानात घ्यावयास हवीत. पहिले म्हणजे जोर ठरलेल्या मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या मधल्या जागी पडतो, त्यामुळे लय जणू झोके घेत चालते. दुसरे म्हणजे एकाने हाक द्यावी आणि दुसऱ्याने तिला उत्तर द्यावे, तशी गायक आणि वाद्ये यांची सवालजवाबाची चढाओढ सुरू राहते. पोवाडा किंवा तमाशा ऐकलेल्या मराठी माणसाला हे दुसरे लक्षण परके वाटू नये. शाहिराचे शब्द झेलून झील ओढणारा झीलकरी जे काम करतो, त्याच जातीचे काम जॅझमध्ये ट्रंपेट करते.

हे संगीत मुंबईत आले ते ताजमहाल हॉटेलच्या नृत्यगृहात. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय व्हायोलिनवादकाचे पथक तेथे आले. पाठोपाठ क्रिकेट स्मिथचे पथक आले आणि त्यात टेडी वेदरफर्ड नावाचा पियानोवादक होता. शिकागोत आर्मस्ट्राँगच्या बरोबर वाजवलेला हा कलावंत शांघायसारख्या शहरांत नाव मिळवून हिंदुस्थानात आला. मुंबईनंतर तो कलकत्त्यास गेला आणि तेथेच १९४५ साली पटकीने मरण पावला. या परदेशी कलावंतांकडे आपल्या देशातील गोमंतकीय आणि अँग्लो-इंडियन वादकांनी केवळ कुतूहलाने पाहिले नाही. त्यांच्या शेजारी बसून, त्यांचे ऐकून, त्यांच्या तबकड्या पुन्हा पुन्हा लावून त्यांनी ही विद्या आत्मसात केली. कागदावरचे वाचून वाजविण्याची शिस्त त्यांना चर्चने दिली होती. कागद बाजूला सारून वाजविण्याचे धाडस जॅझने दिले.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत दारूबंदी आली आणि हॉटेलांतील नृत्यगृहांची रया उतरू लागली. दुसरीकडे चित्रपटांतील वाद्यवृंद मोठे होत होते. त्यामुळे रात्री हॉटेलात आणि दिवसा स्टुडिओत, असा या वादकांचा दिनक्रम झाला. चिक चॉकलेट असाच रामचंद्रांकडे आला. पूर्वी बाजासारंगीच्या जोडीने होणाऱ्या ध्वनिमुद्रणात आता ट्रंपेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, पियानो, गिटार आणि ड्रम यांची फौज उभी राहिली.

या फौजेचे काम कसे चाले, हे समजून घेण्यासारखे आहे. संगीतकाराच्या संगीतकक्षात 'सिटिंग' होई. रामचंद्र पेटीवर चाल गाऊन दाखवीत. ती त्यांच्या डोक्यात सरगमच्या रूपाने असे आणि सरगम म्हणजे एका वेळी एक स्वर, एकच रेषा. अरेंजर, म्हणजे वाद्यवृंदाची रचना करणारा, ती रेषा पाच ओळींच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून घेई. त्यानंतर त्याचे स्वतःचे काम सुरू होई. मुखडा आणि अंतरा यांच्यामधली जागा कोणत्या वाद्यांनी भरावयाची, गायिकेने ओळ संपवून श्वास घेतला की त्या क्षणार्धाच्या पोकळीत कोणी उत्तर द्यावयाचे, मूळ सुरांच्या पाठीशी कोणते स्वरसंघात ठेवावयाचे, व्हायोलिनांनी चालीला समांतर जावयाचे की तिला छेद द्यावयाचा, हे सारे तो ठरवी आणि प्रत्येक वाद्यासाठी निराळा कागद लिही. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ते कागद वादकांपुढे ठेवले जात. कित्येकदा ते त्यांनी आधी पाहिलेलेही नसत. तरी गायक व वादक एकत्र उभे राहून एका दमात गाणे पार पाडत. कोणी एक चुकला तर सर्वांना पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागे.

यात खरा कठीण प्रश्न असे तो मेळाचा. आपल्या संगीतात तंबोऱ्याचा षड्ज अचल राहतो आणि त्याच्या आधारावर राग फुलतो. पाश्चात्त्य पद्धतीत पायाखालचे स्वरसंघातच पावलोपावली बदलत जातात. रागाच्या अंगाने बांधलेल्या चालीखाली असे संघात बेदरकारपणे घातले, तर चालीचा चेहराच बदलतो. पिलूची व्याकुळता जाऊन तेथे भलतीच लगट येते. म्हणून चांगल्या अरेंजरला काय घालावे याहून काय घालू नये हे अधिक कळावे लागे. सुरावटीच्या मुखावर हात न ठेवता तिच्या आजूबाजूचे अवकाश उजळणे, ही त्याची कसोटी. रामचंद्रांनाही हे पक्के ठाऊक होते. त्यांच्या नृत्यगीतांत चाल सोपी, ठसठशीत आणि गुणगुणता येण्याजोगी असते आणि रंगांची उधळण होते ती भोवतालच्या वाद्यांत.

'शहनाई' (१९४७) या चित्रपटातील रविवारच्या गाण्याने या पद्धतीची पहिली मोठी खळबळ उडविली. त्यात शिटीचा केलेला उपयोग आणि गिटार, माउथ ऑर्गन व सॅक्सोफोन यांचा मेळ श्रोत्यांना सर्वस्वी नवा होता. 'पतंगा' (१९४९) आणि 'समाधी' (१९५०) या चित्रपटांनी ही वाट रुंद केली. आणि मग १९५१ साली 'अलबेला' आला. भगवान यांनी मारधाडीचे चित्रपट सोडून सामाजिक कथेचा चित्रपट काढावा, असा सल्ला राज कपूर यांनी दिला होता, असे सांगितले जाते. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक असे तिन्ही भार भगवान यांनी स्वतःच्या शिरावर घेतले. गीता बाली नायिका होत्या, गीते राजेंद्र कृष्ण यांची आणि पुरुषकंठ 'चितळकर' या नावाने स्वतः रामचंद्रांचा.

या एका चित्रपटात रामचंद्रांच्या प्रतिभेची दोन्ही टोके पाहावयास मिळतात. एका बाजूला पिलूच्या छायेतील अंगाईगीत आहे. लता मंगेशकरांच्या आवाजातील ते गीत ऐकताना वाद्यवृंद जवळजवळ श्वास रोखून बसल्यासारखा वाटतो. दुसऱ्या बाजूला 'शोला जो भडके' हे नृत्यगीत आहे. बाँगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांचा त्यात मेळ आहे. बाँगो हे क्यूबाकडचे जोडवाद्य. आपल्या ढोलकीशी त्याचे नाते सांगता येते, पण त्याचा ठसका निराळा. त्याच्या ठेक्यावर चालीचे साधे, लोकगीतासारखे चरण झुलू लागतात. याच चित्रपटातील एका नृत्यगीतात चिक चॉकलेट आणि त्याचे पथक झालरी लावलेल्या बाह्यांचे सदरे घालून प्रत्यक्ष पडद्यावरही दिसते. एरवी भिंतीआड राहणारा वादक येथे क्षणभर उजेडात आला.

आता नर्तकाकडे पाहू. भगवान काही सुडौल नव्हते. ठेंगणी, भरलेली, तालमीत कमावलेली अंगकाठी होती. नृत्याचे शास्त्रोक्त शिक्षण नव्हते. म्हणून त्यांनी उड्या आणि गिरक्या यांच्या मागे न लागता शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर सहज सरकविण्याची लकब साधली. चेहऱ्यावर मिस्कील समाधान, हात सैल, पावले लहान. परंतु बारकाईने पाहिल्यास दिसते की पावले ठेक्याच्या मात्रेवर पडतात, तर खांदे आणि हात मधल्या जागेला दाद देतात. जॅझचा झोका त्यांच्या देहाने असा अचूक पकडला होता. आणि हा नाच अवघड नव्हता म्हणूनच तो लोकांचा झाला. दरबारातील नर्तकीचा नाच पाहून प्रेक्षक थक्क होतो. भगवान यांचा नाच पाहून त्याला वाटते, हे मलाही जमेल. मिरवणुकीतील तो प्रौढ गृहस्थ याच विश्वासाने गुडघे वाकवतो.

या संगीतावर टीका झाली नाही असे नव्हे. रविवारच्या गाण्याला थिल्लर ठरविण्यात आले. देशी संस्कृतीवर हे विदेशी आक्रमण आहे, असा सूर विद्वानांनी लावला. १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी अभिजात संगीताच्या प्रसाराचा ध्यास घेतला आणि आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना आळा घातला. परिणाम असा झाला की श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अखेर १९५७ साली 'विविध भारती' सुरू होऊन या गीतांना आकाशवाणीवर हक्काचे घर मिळाले. केसकरांचा हेतू क्षुद्र नव्हता. आकाशवाणीच्या आश्रयाने कित्येक गवयांना प्रतिष्ठा मिळाली, हे मान्य करावयास हवे. टीकेतही तथ्यांश होता. 'समाधी'तील गाजलेले नृत्यगीत लॅटिन अमेरिकन धुनीवर उघडउघड बेतलेले होते, हे नाकारून चालणार नाही. परंतु अनुकरण आणि आत्मसात करणे यांतला फरक टीकाकारांच्या ध्यानी आला नाही. परक्याचे वस्त्र अंगावर घेतले तर ते अनुकरण. त्याचे सूत आपल्या मागावर घालून विणले, तर ते आपलेच लुगडे होते.

याचा पुरावा रामचंद्रांच्या पुढील कामातच सापडतो. 'आशा' (१९५७) मधील बालगीतासारख्या निरर्थक शब्दांच्या गाण्याची कथा सांगतात, की खोलीबाहेर मुले खेळताना म्हणत असलेल्या मोजणीवरून मुखडा सुचला आणि जॉन गोम्स या गोमंतकीय साहाय्यकाने त्यात कोकणीतील 'मला नको' या अर्थाच्या शब्दांची भर घातली. इंग्रजी खेळ, कोकणी बोल, अमेरिकन लय आणि मराठी संगीतकार यांचा असा संगम झाला. उलट 'आझाद' (१९५५) मध्ये सई आणि सुब्बलक्ष्मी या दाक्षिणात्य नर्तकींसाठी त्यांनी दिलेली चाल पूर्णपणे देशी चालीची, पदन्यासाला वाव देणारी आहे. व्ही. शांताराम यांच्या 'नवरंग' (१९५९) मधील होळीच्या गाण्यात संध्या यांनी पुढून स्त्री आणि पाठीमागून मुखवटा लावून पुरुष, अशी दुहेरी भूमिका नाचून दाखविली. तेथे गाण्याला दोन स्वभाव हवे होते आणि रामचंद्रांनी ते दिले. नर्तक बदलला की साज बदलतो, हे तत्त्व त्यांनी कधी सोडले नाही. ट्रंपेट त्यांना शोभेसाठी नको होते. पावलाला हवे असेल तेव्हाच ते हवे होते.

तिघांच्या जीवनाचा शेवट मात्र सारखा झाला नाही. रामचंद्रांना कीर्ती मिळाली. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकरांनी गायिलेल्या हुतात्म्यांच्या गीताने तर त्यांचे नाव घरोघरी गेले. 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र लिहून ५ जानेवारी १९८२ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला. 'अलबेला'च्या यशाने बंगला आणि मोटारी मिळविलेल्या भगवान यांचे पुढील चित्रपट आपटले. लहानसहान भूमिका करीत त्यांनी उतारवय दादरच्या चाळीतील घरात काढले आणि २००२ साली ते वारले. परंतु लोकांनी त्यांचे नाव त्यांच्या नाचाला दिले होते. ते कोणी काढून घेऊ शकले नाही. २०१६ साली त्यांच्या जीवनावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपटही निघाला.

चिक चॉकलेट १९६७ साली, जेमतेम पन्नाशीत निवर्तला. त्याचे नाव कोणत्याही नाचाला मिळाले नाही. रामचंद्रांनी राम चितळकर, अण्णासाहेब अशी निरनिराळी नावे घेऊन संगीत दिले. त्यांच्याभोवतीच्या अरेंजरांना बहुधा एकही नाव मिळाले नाही. पडद्यावर ते आले तर 'साहाय्यक' म्हणून, नाहीतर मुळीच नाही. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही सारी याच परंपरेतील माणसे. यांपैकी गोन्साल्विस यांनी १९५८ साली भारतीय रागांवर आधारलेल्या वाद्यवृंदरचना मुंबईत मोठ्या वादकसमूहाकडून सादर करविल्या, तरी सामान्य माणसाला त्यांचे नाव ठाऊक झाले ते १९७७ साली, शिष्य प्यारेलाल यांनी एका विनोदी गाण्यात त्यांना नकळत अमर केले तेव्हा. अलीकडच्या काळात नरेश फर्नांडिस आणि ग्रेगरी बूथ यांच्यासारख्या अभ्यासकांनी वृद्ध वादकांना भेटून ही माहिती ग्रंथबद्ध केली, म्हणून ती आज आपल्याला सांगता तरी येते. वादकांपुढे ठेवलेले ते हस्तलिखित कागद मात्र ध्वनिमुद्रण संपताच बहुतांशी रद्दीत गेले. एखाद्या ग्रंथाचे मूळ हस्तलिखित नष्ट झाले तर आपण हळहळतो. या कागदांसाठी कोणी हळहळले नाही.

घराचे कौतुक करताना लोक मालकाचे नाव घेतात, फार तर शिल्पकाराचे घेतात. भिंत ओळंब्यात उभी करणाऱ्या गवंड्याचे नाव कोठेच कोरलेले नसते. परंतु पावसाळ्यामागून पावसाळे भिंत उभी राहते, ती त्याच्या हाताच्या गुणाने. रायपूरच्या मिरवणुकीत बँडवाला ट्रंपेट ओठांना लावतो आणि गाण्याच्या दोन चरणांमधला तो लहानसा, ठसकेबाज तुकडा वाजवितो, त्या वेळी शब्द संपलेले असतात आणि मूळ चालही क्षणभर थांबलेली असते. तेवढ्या जागेत जे ऐकू येते, ते अरेंजरचे असते. आणि नाचणाऱ्याचे पाऊल नेमके त्याच जागी उचलले जाते.